बोलणारा राजा हवा, उडणारा नको

सप्टेंबर २०२५ मध्ये ‘दशावतार’ चित्रपट आला आणि घाटावरच्या प्रेक्षकांत एकदम दशावतारप्रेमाची लाट उसळली. त्यात काम करणाऱ्या दिलीप प्रभावळकरांचं कौतुक झालं, ते रास्तच. पण त्यानंतरच्या कौतुकात मुकुट, रंग, जंगल आणि गूढ एवढंच घोळत राहिलं. कोकणातल्या दशावतारी खेळातला राजा बोलतो कसा, याबद्दल चकार शब्द नाही.

कोल्हापूरकडच्या बिद्रीहून मुदाळतिट्टा, राधानगरी करत फोंडा घाट उतरला की कणकवली येते. रस्ता एकच, खेळ मात्र घाटात बदलतो. वर सोंगी भजनं आणि यात्रेतला तमाशा, खाली देवळासमोरचा दहिकाला, म्हणजे दशावतार. या साऱ्यांना ‘लोककला’ नावाच्या एकाच पोत्यात कोंबून वीस-वीस मिनिटांचे तुकडे मागणाऱ्या महोत्सवांनी जेवढं नुकसान केलं, तेवढं टीव्हीनंही केलं नसेल.

दशावताराच्या आख्यानाला परंपरेनं लिखित संहिता नाही. आज कुठलं आख्यान, राजा कोण, राक्षस कोण, हे खेळाआधी रंगपटात ठरतं आणि तेवढ्यावर पहाटेपर्यंतचा खेळ उभा राहतो. एक बाकडं, एक पडदा, पेटी, पखवाज, झांज. आख्यानाआधीच्या आडदशावतारातले गणपती, सरस्वती, संकासुर ठरलेले. संकासुर मालवणीत फिरक्या घेतो. मग आख्यानातला राजा संस्कृतप्रचुर मराठीत पुराणातले दाखले देत समोरच्याला पेचात धरतो आणि समोरच्याला तो पेच तिथल्या तिथं सोडवावा लागतो. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर या कंपन्यांचं नाव झालं ते अशा बोलण्यावर.

घाटावर हीच ताकद तमाशातल्या बतावणीत आणि वगात होती. कवलापूरच्या काळू-बाळूंचा ‘जहरी प्याला’ किंवा दादू इंदुरीकरांचं ‘गाढवाचं लग्न’ लोक पुन्हा पुन्हा बघत. गोष्ट तर पाठच असे, आज हे काय नवीन बोलतात ते ऐकायचं असे.

बाकीच्या खेळांचं थोडक्यात. संगीत नाटक आता पदांची मैफल झालं आहे. ध्वनिमुद्रित गाण्यांवरच्या लावणी-शोला तमाशा म्हणायचं कारण नाही. विदर्भातली झाडीपट्टी रंगभूमी तिकिटावर जगते, तिला कुणाच्या उमाळ्याची गरज नाही.

खरा राग आहे तो दशावतारात घुसलेल्या ट्रिकसीनवर. धूर, रंगीत दिवे, हवेत तरंगणारा देव! बचाव ठरलेला: तरुण पोरं येतात. येतात ना, पण कशासाठी? चीनच्या सिचुआन ऑपेरात क्षणात चेहरा बदलण्याची करामत नाटकातल्या प्रसंगाचा भाग होती. आता ती हॉटेलांत जेवणाऱ्यांपुढं सुटी दाखवतात. तिथं चेहरे बघायला येणारा ऑपेरा ऐकायला बसतोच असं नाही.

ट्रिकसीनची वेळ ठरलेली असते. दिवेवाला आणि दोरीवाला तयार झाले की राजाला रंगात आलेला वाद आवरता घ्यावा लागतो. म्हणजे खेळ कधी चढवायचा हे आता नट ठरवत नाही, दिवेवाला ठरवतो. याला ‘काळाबरोबर बदल’ म्हणणाऱ्यांनी एवढंच सांगावं, की वाद तोडून वर उडालेल्या देवानं आख्यानात कुठली भर घातली?

आयोजकांनी एका कंपनीला एक अख्खी रात्र द्यावी. ट्रिकसीन नको, निवेदक नको, सत्कार नकोत. रंगपटात ठरलं की फलकावर आख्यानाच्या नावाखाली राजा आणि राक्षस कोण हे ठळक लिहावं. गर्दी आली नाही, तर तरुणांना काय हवं याची चर्चा मग करू.