कोष्टकाची पुनर्रचना आणि गटवारीचा विवेक

हॅडली विकहॅम यांचा ‘टायडी डेटा’ हा निबंध २०१४ मध्ये ‘जर्नल ऑफ स्टॅटिस्टिकल सॉफ्टवेअर’मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक चलाला एक रकाना, प्रत्येक निरीक्षणाला एक ओळ आणि निरीक्षण-विषयाच्या प्रत्येक प्रकाराला एक कोष्टक, ही त्यातील त्रिसूत्री आता सर्वपरिचित आहे. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानाचा संस्कार तिच्यावर स्पष्ट दिसतो. या त्रिसूत्रीचे सामर्थ्य किती आणि तिची मर्यादा कोठे, हे एखाद्या परिचित स्थळाच्या कोष्टकावर पारखून पाहणे उचित ठरेल.

औरंगाबाद जिल्ह्यातील (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) शेंद्रा कमंगर या गावाची ओळ २०११ च्या प्राथमिक जनगणना गोषवाऱ्यात पाहावी. एकाच ओळीत शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातील कामगार आणि इतर कामगार हे वर्ग येतात. आणि प्रत्येक वर्गाचे व्यक्ती, पुरुष, स्त्रिया असे तीन रकाने असतात. म्हणजे कामाचा वर्ग आणि लिंग हे दोन चल रकान्यांच्या मथळ्यांत दडलेले आहेत. हा दोष विकहॅम यांनी अचूक हेरला आहे. पँडाज या साधनातील ‘मेल्ट’ या क्रियेने ते मथळे ओळींत उतरतात, आणि ‘पिव्हट’ने पुन्हा पूर्ववत् होतात. या उलटापालटीत एकही आकडा नष्ट होत नाही. पुनर्रचना ही केवळ रूपाची क्रिया आहे.

गटवारीचे तसे नाही. गोषवाऱ्यात गाव, तालुका, जिल्हा आणि राज्य यांच्या ओळी एकत्र असतात. शिवाय एकूण, ग्रामीण व नागरी असे भेदही असतात. त्या न निवडता बेरीज केली, तर शेंद्र्याचा एकच रहिवासी अनेकदा मोजला जातो. ‘व्यक्ती’ हा रकाना तसाच ठेवला, तर ती बेरीज आणखी दुप्पट होते. त्रिसूत्रीचा तिसरा नियम पहिल्या प्रमादापासून वाचवितो, हे मान्य केले पाहिजे.

परंतु पुढील उदाहरणात तो नियमही पुरा पडत नाही. औरंगाबाद नावाचा जिल्हा महाराष्ट्रात आहे, तसा बिहारातही आहे. २०११ मध्ये पहिल्याची लोकसंख्या सुमारे ३७ लाख, तर दुसऱ्याची सुमारे २५ लाख होती. देशभरच्या जिल्ह्यांची गटवारी केवळ नावाने केली, तर ‘ग्रुपबाय’ची बेरीज ६२ लाख येते. ‘पिव्हट’ अशा द्विरुक्तीला आक्षेप घेऊन थांबते. ‘पिव्हट-टेबल’ मात्र, वेगळी आज्ञा नसल्यास, मुकाट्याने सरासरी काढते, आणि सुमारे ३१ लाख हा आकडा पुढे करते. हा आकडा कोणत्याच जिल्ह्याचा नाही; तरीही कोष्टक नीटनेटके दिसते. नीटनेटकेपणा आणि सत्य यांतील अंतर येथे उघड होते. नावाऐवजी जनगणनेचा सांकेतिक क्रमांक वापरला असता हा घोटाळा टळला असता.

याहून गंभीर प्रश्न शेंद्र्याच्या औद्योगिक रूपाचा आहे. शेती सोडून कारखान्यात किती जण गेले, हे अभ्यासकाला जाणून घ्यावयाचे असते. पण ‘इतर कामगार’ या एकाच वर्गात कारखान्यातील कामगार, शिक्षक आणि बसचालक एकत्र आलेले आहेत. शिवाय जनगणना माणसाला त्याच्या राहत्या ठिकाणी मोजते. मुकुंदवाडीत राहून शेंद्र्यात राबणारा कामगार शहराच्याच ओळीत राहतो. गणनेच्या वेळीच झालेली ही गटवारी कोणत्याही साधनाने उलटविता येत नाही. निरीक्षण व चल यांची सर्वसामान्य व्याख्या अवघड असल्याची कबुली विकहॅम देतात. पण त्या अडचणीचे परिणाम ते तपासून पाहत नाहीत. त्यांच्या निबंधाची उणीव ही.

तात्पर्य, विकहॅम यांची त्रिसूत्री मांडणीचे शास्त्र म्हणून निःसंशय उपयुक्त आहे. परंतु ‘एक’ कोणास म्हणावे, हे ती सांगू शकत नाही. म्हणून कोणत्याही प्रबंधात गटवारीचा आधार, वगळलेल्या ओळी आणि एकत्रीकरणाची रीत यांचा उच्चार निष्कर्षाच्या आधी झाला पाहिजे. तो नसेल, तर परीक्षकापुढे येते ते केवळ उत्तर. प्रश्न कोणता होता, हे त्याला कळत नाही.