‘आब्स्त्राता’ आणि ‘अमूर्त’: गायतोंडे यांच्या चित्रांसमोर

वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांचा विषय निघाला की आम्हा गोंयकारांपैकी कुणीतरी म्हणतंच, “यात आपला समुद्र दिसतो.” मीही हे अनेकदा म्हटलंय. आता ते मागे घ्यावंसं वाटतं. त्याला कारण झाला एक पोर्तुगीज शब्द.

अमूर्त चित्रकलेला पोर्तुगीजमध्ये ‘आर्ते आब्स्त्राता’ म्हणतात. जुन्या पुस्तकांत या शब्दात एक मुका ‘क’ लिहिलेला दिसतो. १९९०च्या लेखनकराराने पोर्तुगालमध्येही तो गेला. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘ओढून वेगळं काढणं’. विचारात हरवलेल्या माणसाला पोर्तुगीजमध्ये ‘आब्स्त्राईदू’ म्हणतात, तो याच कुळातला शब्द. म्हणजे आधी काहीतरी असतं, मग त्यातून काही काढून घेतलं जातं. आपला ‘अमूर्त’ मात्र सरळ नकार आहे: ज्याला मूर्ती नाही ते. त्यात निर्गुणाचा वास आहे, काढून घेण्याची क्रिया नाही.

लिस्बनला जन्मलेली मारिया एलेना व्हिएरा द सिल्वा (१९०८–१९९२) पोर्तुगीज शब्दात नेमकी बसते. तिच्या १९४९च्या ‘ग्रंथालय’ या चित्रात पुस्तकं मोजता येत नाहीत, पण कप्प्यांची दाटी आणि आत आत जाणारी खोली जाणवते. ग्रंथालयातून वजन काढून घेतलं आणि रचना ठेवली.

गायतोंडे तसे नाहीत. आईवडील गोव्याचे, जन्म १९२४ साली नागपूरला, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये. ‘अॅब्स्ट्रॅक्ट’ हे लेबल त्यांना मान्य नव्हतं. आपलं काम ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’, म्हणजे वस्तुनिरपेक्ष आहे, असं ते म्हणत. आपण त्यात समुद्र शोधतो तेव्हा त्यांचं म्हणणंच खोडून काढतो. समुद्रातून काढलेलं चित्र आणि कुठल्याच वस्तूपासून न निघालेलं चित्र, यांत मोठा फरक आहे.

तरी गंमत अशी, की शब्द दुसऱ्या दाराने परत येतो. गायतोंडे रोलरने आणि सुरीने रंग लावत, ओल्या थरावर कागद दाबून ठसे उठवत, थर खरवडून काढत. काढून घेणं इथे विषयाशी नव्हे, तर रंगाशीच चालतं. जे उरतं ते चित्र. त्या अर्थाने ‘आब्स्त्राता’ त्यांना लागू पडतो, ‘अमूर्त’ तितकासा नाही. कारण त्या कॅनव्हासवर रंगाचा पृष्ठभाग अगदी मूर्त आहे, जवळ जाऊन पाहावा असा.

गोव्याने त्यांना आपलं म्हणावं, जरूर म्हणावं. घराणं इथलं आहे. पण नात्याचा पुरावा कॅनव्हासमध्ये हुडकायला नको. समुद्र दिसला नाही तरी थोडा वेळ तिथेच उभं राहावं, एवढंच मी आता स्वतःला सांगतो.