धाक, धास्ती आणि चार रकाने

आजच्या पत्रिकेवर 'मानसशास्त्रातील संशोधनपर पदव्युत्तर शिक्षण' असा भारदस्त विषय छापला आहे. आम्ही तो एका विद्यार्थ्याच्या अनुभवातून मांडणार आहोत. मुलगा आपल्याच भागातला, आंबेगाव तालुक्याचा. पदवी जुन्नरला घेतली, मग शहरात जाऊन मानसशास्त्रात एम.ए. केलं, तेही प्रबंधासह. त्याचं नाव सांगत नाही, विद्यापीठाचंही नाही. या गोष्टीत थोडा दोष आमचाही आहे. तो शेवटी कबूल करू.

आधी थोडी पार्श्वभूमी. पूर्वी एम.ए. झाल्यावर ज्याला संशोधन शिकायचं असे तो एम.फिल.ला जाई. तिथे वर्ष-दीड वर्ष निवांत चुका करता येत. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. बंद करायचं ठरवलं आणि २०२२ च्या यूजीसी नियमांनी ते अमलात आलं. क्लिनिकल सायकॉलॉजीला काही वर्षांची मुदत मिळाली. बाकी विषयांत संशोधनाचं पहिलं शिक्षण आता एम.ए.च्याच पोटात आलं आहे. म्हणजे जे शिकायला वेळ लागतो, ते सत्राच्या वेळापत्रकात बसवायचं.

या मुलाने विषय निवडला बिबट्याच्या भीतीचा. तुम्हाला त्याचं महत्त्व सांगायला नको. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हे तालुके येतात. उसात बिबट्या जन्मतो, उसातच वाढतो. शेतीपंपाची वीज पाळीने रात्रीची आली की माणसाला बॅटरी घेऊन दारं धरायला जावंच लागतं. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र सगळ्यांना ठाऊक आहे. पण माणसाच्या मनात काय होतं, याचा विचार एका इथल्याच मुलाने करावा, याचं आम्हाला कौतुक वाटलं.

त्याला साधन मिळालं ते चिंता मोजायच्या जगन्मान्य प्रश्नावलीचं. चार्ल्स स्पीलबर्गर आणि सहकाऱ्यांनी ती १९७० मध्ये प्रसिद्ध केली. या क्षणीच्या चिंतेची वीस विधानं, स्वभावातल्या चिंतेची वीस. प्रत्येकापुढे चार रकाने. तिचं मराठी भाषांतर घेऊन हा गावोगाव फिरला.

पहिली अडचण संमतीपत्राची. लोक बोलायला तयार, सही करायला नाही. एक म्हातारे म्हणाले, "सही केली का जमीन जाती." शहरातल्या मार्गदर्शकांना हे अडाणीपण वाटलं. पण ज्या आंबेगावाने या तालुक्याला नाव दिलं ते गावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. इथल्या माणसाला कागदावरच्या सहीचा अर्थ आपल्यापेक्षा जास्त कळतो. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने नोंदवायची पहिली गोष्ट खरं तर हीच होती. त्याने ती नोंदवलीही, पण प्रबंधात नाही, स्वतःच्या वहीत.

दुसरी अडचण भाषेची, आणि आमच्या मते हीच खरी. एका बाईंना त्याने विचारलं, भीती वाटते का? मुळीच नाही, थोडी, बरीच, की खूप? त्या हसल्या. "भ्या कशाचं लेका? वाघ त्याच्या वाटंनं, आपुन आपल्या वाटंनं. पर पोरगं राती दारं धराया गेलं का घोर लागतो." आता ही खूण कुठल्या रकान्यात करायची? त्याने 'मुळीच नाही'वर केली.

मराठीत भीती एक नाही. धाक असतो, तो नात्यातला असतो आणि त्यात मान असतो. आदिवासी पट्ट्यात वाघबारस पाळतात, तिथे वाघोबाचा धाक आहे. धास्ती ही रोजची असते, कामासोबत चालते. धसका एकदाच बसतो आणि उतरत नाही. ३० जुलै २०१४ ला माळीण गेलं, त्यानंतर जोराचा पाऊस लागला की डोंगराकडे बघणाऱ्या माणसाचा तो धसका. आणि घोर बहुधा दुसऱ्यासाठी असतो, स्वतःसाठी क्वचित. भाषांतरकाराने या सगळ्यांना 'चिंता' या एका पोत्यात भरलं. पोतं वजनाला बरोबर भरलं, आत काय आहे ते कुणी पाहिलं नाही.

कुणी म्हणेल, सर, आकडे तर विश्वसनीय आले होते. आले होते. उत्तरांची आपसातली सुसंगती दाखवणारा गुणांक उत्तम होता. पण रोज एक किलो कमी दाखवणारा काटाही सुसंगतच असतो. तो भरवशाचा आहे, खरा नाही. पद्धत हाताशी आली म्हणजे प्रश्न समजला, ही मानसशास्त्राची जुनी फसगत आहे. तत्त्वज्ञानात विटगेनस्टाइनने ती फार पूर्वी दाखवून दिली.

आम्ही मोजमापाच्या विरुद्ध आहोत असं समजू नका. नुसत्या गोष्टी गोळा केल्या तर ज्याचा आवाज मोठा त्याचीच गोष्ट खरी ठरते. मोजायलाच हवं, पण कसं? धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बिने यांची बुद्धिमापन कसोटी मराठी आणि कन्नड मुलांसाठी तयार केली. त्यांनी नुसतं भाषांतर केलं नाही. इथल्या मुलांवर ती लावून पाहिली, कुठला प्रश्न कोणत्या वयाला शोभतो ते नव्याने ठरवलं. पुढे १९५५ मध्ये भाटियांनी आपल्या कृती-कसोट्यांसाठी साक्षर आणि निरक्षर मुलांची प्रमाणकं वेगवेगळी दिली. संगणक नसताना ही माणसं साधन माणसाच्या मापाचं करत होती. आज संगणक आहे आणि आपण माणूस साधनाच्या मापाचा करतो.

आता आमचा दोष. त्या मुलाच्या तोंडी परीक्षेला बाहेरचे म्हणून आम्हीही बसलो होतो. आम्ही विचारलं, नमुना एवढा लहान का? त्याने उत्तर पाठ केलं होतं, ते दिलं. मग चाचरत म्हणाला, "सर, माझ्याकडे एक वही पण आहे." घड्याळात एक वाजत आला होता. आम्ही म्हणालो, "ती राहू दे, निष्कर्ष सांग." त्याला चांगली श्रेणी मिळाली. वही आम्ही वाचली ती दीड वर्षाने, तो भेटायला घरी आला तेव्हा. घोर, सही, वाघबारस, सगळं तिच्यात होतं. प्रबंधात नव्हतं, कारण त्याला कुणी जागाच दिली नव्हती. "दोन वर्षांत काय शिकलास?" असं विचारलं तर म्हणाला, "सर, ऐकायला घरीच शिकलो होतो. इथं ऐकलेलं बाजूला ठेवायला शिकलो."

मित्रहो, याहून कडक टीका आम्हाला करता येणार नाही. म्हणून मागणी साधी आहे. साधन वापरण्याआधी दहा माणसांसोबत बसून प्रत्येक विधान त्यांना काय सांगतं ते विचारावं आणि त्याला गुण असावेत. ज्या उत्तराला रकाना सापडला नाही ते प्रबंधात स्वतंत्र प्रकरणात यावं. आणि परीक्षकाने पहिला प्रश्न विचारावा, "वही आणली आहेस का?"

तो मुलगा आता गावाकडेच शिकवतो. वही अजून चालू आहे. एवढं सांगून थांबतो.