‘अरुणोदया’तील धीर

बेळगावच्या पश्चिमेस बेळगुंदी हे गाव आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर ह्या आसपासच्या गावांप्रमाणे येथेही मराठी साहित्य संमेलने भरत आली आहेत. आपल्या मुलखाने मराठी वाङ्मयाला काय दिले, हा प्रश्न अशा ठिकाणी सहजच मनात येतो. आणि त्याचे उत्तर देताना बाबा पदमनजी ह्यांचे नाव वगळता येत नाही. परंतु ते नाव घेण्याची आपली एक ठराविक रीत पडून गेली आहे. १८५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘यमुनापर्यटन’ ह्या पहिल्या मराठी कादंबरीचे कर्ते, एवढे सांगून आपण पुढे जातो. त्यांच्या ‘अरुणोदय’ ह्या आत्मचरित्राकडे मात्र एका धर्मांतराची हकीकत म्हणूनच पाहिले जाते. ही उपेक्षा वाङ्मयदृष्ट्या अन्यायाची आहे, असे मला वाटते.

बाबांचा जन्म १८३१ साली बेळगावात, एका कासार कुटुंबात झाला. लंडन मिशनरी सोसायटीने १८२० मध्येच ह्या गावी आपले केंद्र उघडले होते, आणि तेथील मिशनशाळेत बाबांचे आरंभीचे शिक्षण झाले. पुढे ते मुंबईस शिकावयास गेले. पण बाप्तिस्मा घेतला तो पुन्हा बेळगावी येऊन, १८५४ साली. म्हणजे ज्या गावात ते लहानाचे मोठे झाले, जेथे त्यांना आणि त्यांच्या घराण्याला ओळखणारी माणसे होती, त्याच गावात त्यांनी आपली श्रद्धा उघड केली. ‘अरुणोदया’चा विषय मुख्यत्वेकरून हा तेवीस वर्षांचा प्रवास आहे.

ग्रंथाचे नावच त्याचे मर्म सांगते. अरुणोदय म्हणजे मध्यान्ह नव्हे, सूर्योदयही नव्हे. अंधार विरळ होत आहे, पण वस्तूंचे आकार अजून नीट दिसत नाहीत, अशी ती वेळ. घरातील देवधर्म, व्रते, सण, वडीलधाऱ्यांची निष्ठा ह्यांचे जे वर्णन बाबा करतात त्यात टीका आहे. तथापि ज्या घरात आपण वाढलो त्याचा बारीकसारीक तपशील लक्षात ठेवणाऱ्याचा जिव्हाळाही तीत आहे. नवा विचार पटत जातो आणि तरीही पाऊल उचलत नाही. बुद्धी होकार देते आणि आईबापांच्या दुःखाच्या कल्पनेने मन मागे फिरते. ह्या चालढकलीची लाज वाटूनही लेखक ती लपवीत नाही. उपदेशकाला ही कबुली अडचणीची वाटावी. आत्मचरित्रकाराचे मात्र तेच खरे भांडवल आहे.

ह्या संदर्भात परमहंस मंडळीशी बाबांचा जो संबंध आला तो महत्त्वाचा ठरतो. १८४९ साली मुंबईत स्थापन झालेली ही मंडळी जातिभेद मानीत नसे; परंतु तिचे काम गुप्तपणे चाले. पुढे १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीस गेली आणि मंडळी मोडली. पटलेले सत्य दाराआड आचरावयाचे आणि बाहेर पूर्ववत वागावयाचे, ह्या दुटप्पीपणाची टोचणी बाबांना लागली. येथे श्रद्धा म्हणजे केवळ मतांचा स्वीकार नव्हे, तर मत आणि वर्तन ह्यांतील अंतर मिटविण्याचे बळ होय, हे वाचकाच्या ध्यानात येते. धीर हा शब्द मी ह्या अर्थाने वापरीत आहे. तो ‘भिऊ नका’ असे सांगितल्याने मिळत नाही. भ्यालेला मनुष्य पुढे कसा गेला हे पाहिल्याने मिळतो.

मात्र गुण सांगताना मर्यादा झाकणे उचित नव्हे. बाबांच्या ठायी आत्मशोधक आणि वादपटू अशा दोन वृत्ती नांदत होत्या, आणि पुष्कळदा दुसरी पहिलीवर मात करते. खंडनमंडनास आरंभ झाला की त्यांच्या वाक्यांतील कंप जातो, आणि त्याबरोबर वाचकाची ओढही जाते. ‘यमुनापर्यटना’चीही हीच गत आहे. विधवांच्या दुःखाची चित्रे त्यात मन हेलावून टाकतात. पण पतीच्या निधनानंतर यमुनेचे ख्रिस्ती होणे आणि पुनर्विवाह करणे हे तिच्या अंतःकरणातून उमलण्यापेक्षा लेखकाच्या सिद्धान्तातून आल्यासारखे वाटते. दुःखाला उत्तर मिळते, पण दुःख पुरते भोगून होण्याआधीच मिळते. अशा उत्तराने समाधान होत नाही.

ही उणीव कशाची आहे हे पुढच्या पिढीकडे पाहिले असता कळते. नारायण वामन टिळकांना आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय गृहस्थाने नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन वेधले, आणि १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. म्हणूनच त्यांची ख्रिस्तभक्ती अभंगाच्या रूपाने बोलू लागली. लक्ष्मीबाईंनी तर ‘स्मृतिचित्रां’त वादाचे नावही न काढता आपले सोवळे कसे हळूहळू सुटत गेले, हे हसतखेळत सांगितले. पतीच्या धर्मांतराने कोसळलेला संसार आणि वर्षांची ताटातूट ह्यांचे वर्णन करतानाही त्या कोणाला दोषी ठरवीत नाहीत. तेथे श्रद्धा वाढते ती रोपासारखी, कोणी मोजत नसताना.

ह्याचे बीजही जुनेच आहे. फादर स्टीफन्स ह्यांच्या १६१६ साली राचोल येथे छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’ची योजनाच अशी की, जुनी पुराणे अंतरलेला नवख्रिस्ती श्रोता त्यांच्या जागी नवे पुराण मागतो. नुसती प्रश्नोत्तरे त्याला पुरत नाहीत. त्याला कथा हवी, ओवी हवी, कानाला ओळखीची लय हवी. धर्म बदलला तरी मनुष्याला धीर देणारी भाषा त्याच्या आईचीच असते, हे त्या परदेशी ग्रंथकाराने ओळखले होते. बाबांना ते कळत नव्हते असे नाही. पण एकोणिसाव्या शतकाच्या वादळी वातावरणात भक्तीच्या भाषेपेक्षा युक्तिवादाची भाषा त्यांना अधिक निकडीची वाटली.

येथे असा आक्षेप घेतला जाईल की, ज्या लेखनाचा हेतूच प्रचाराचा आहे त्याला वाङ्मयाचे माप कशाला लावावे? ह्यावर माझे म्हणणे असे की, हेतूवरून ग्रंथ नाकारावयाचा झाला तर आपल्या संतवाङ्मयाचा मोठा भागही नाकारावा लागेल. प्रश्न हेतूचा नाही, प्रत्ययाचा आहे. बाबांची श्रद्धा ज्याला मान्य नाही अशा वाचकालाही, पटलेल्या गोष्टीसाठी आपल्या माणसांना दुखवावे लागण्याची वेदना ‘अरुणोदया’त जाणवते काय? माझ्या मते ती निःसंशय जाणवते. आणि जेथे जाणवते तेथे तो ग्रंथ एका पंथाचा न राहता मराठीचा होतो.

आज बाबांचे गाव कर्नाटकात आहे, त्यांची भाषा तेथे घराघरांत बोलली जाते, आणि त्यांचे पुस्तक फारसे कोणी उघडत नाही. बेळगुंदीसारख्या गावी जमणाऱ्या रसिकांनी ते एकदा उघडावे. त्यातील वादाची पाने हवी तर झपाट्याने उलटावीत. पण बेळगावातला तो तरुण निश्चय होऊनही घरच्यांपुढे तोंड उघडू शकत नाही, तेथे थोडे थांबावे. मराठी आत्मचरित्राच्या आरंभकाळात स्वतःच्या भित्रेपणाविषयी इतक्या सरळपणे बोलणारी पाने फार थोडी आहेत.