साधा दूरचित्रवाणी संच आणि 'स्टिक' : एका अदृश्य माध्यमवस्तूची चिकित्सा

प्रस्तावना

दूरचित्रवाणीविषयी मराठीत जे समीक्षात्मक लेखन झाले, त्याचा भर प्रामुख्याने कार्यक्रमांवर राहिला. मालिकांचा आशय, त्यांतील स्त्रीचित्रण, वृत्तवाहिन्यांची भाषा, जाहिरातींचा बालमनावरील परिणाम हे विषय अभ्यासकांनी हाताळले. कार्यक्रम ज्या वस्तूमधून घरात प्रवेश करतो, त्या वस्तूचा विचार मात्र अभावानेच झाला. छपरावरचा अँटेना, खिडकीतून आत आलेली केबलची वायर, सेट-टॉप बॉक्स या गोष्टी निव्वळ तांत्रिक सोय म्हणून बाजूला ठेवण्यात आल्या. मागील दशकात या वस्तूंमध्ये आणखी एकीची भर पडली. बोटभर लांबीची, संचाच्या मागील खाचेत बसणारी आणि इंटरनेटवरील चित्रपट व मालिका साध्या संचावर दाखवणारी ही वस्तू बाजारात 'स्टिक' किंवा 'डोंगल' या नावाने ओळखली जाते. ती एकदा बसवली की पुन्हा नजरेस पडत नाही. कदाचित त्यामुळेच ती समीक्षेच्याही नजरेआड राहिली असावी.

जुन्या संचाला नवे जीवन देण्याचा या वस्तूचा दावा बऱ्याच अंशी खरा आहे. तथापि संचाचे रूप पालटताना ती प्रेक्षकाचे स्थानही पालटते. या पालटात प्रादेशिक भाषेच्या प्रेक्षकाने काय मिळवले आणि काय गमावले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

साधनाचे स्वरूप

इंटरनेटवरील चित्रपट दूरचित्रवाणी संचावर आणणारी छोटी पेटी 'रोकू' या अमेरिकन कंपनीने २००८ मध्ये बाजारात आणली. या कल्पनेला कांडीचे सुटसुटीत रूप देऊन ती सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणली ती गूगलच्या 'क्रोमकास्ट'ने. जुलै २०१३ मध्ये अवघ्या ३५ डॉलरला ती उपलब्ध झाली. ॲमेझॉनची 'फायर टीव्ही स्टिक' नोव्हेंबर २०१४ मध्ये आली. भारतात क्रोमकास्ट डिसेंबर २०१४ मध्ये २,९९९ रुपयांना, तर फायर टीव्ही स्टिक एप्रिल २०१७ मध्ये ३,९९९ रुपयांना विक्रीस आली.

या साधनांच्या जाहिरातीतील 'साधा संच' हा शब्दप्रयोग तपासून घेणे आवश्यक आहे. कांडी बसवण्यासाठी संचाला एचडीएमआय ही खाच असावी लागते. या जोडणीचे पहिले मानक डिसेंबर २००२ मध्ये तयार झाले. त्यामुळे भारतीय घरांत दीर्घकाळ नांदलेला काचेच्या नळीचा जाडजूड संच या योजनेतून जवळजवळ वगळलाच जातो. शिवाय अखंड इंटरनेट आणि वायफाय हवे. म्हणजे येथे 'साधा' याचा अर्थ 'गरिबाघरचा' असा नसून 'इंटरनेट नसलेला, पण सपाट पडद्याचा' असा आहे.

साधनाची कार्यपद्धतीही अर्थपूर्ण आहे. मूळ क्रोमकास्टमध्ये प्रेक्षक फोनवरून चित्रफीत 'पाठवतो' असे वाटे. वस्तुतः बहुतेक वेळा फोन फक्त त्या चित्रफितीचा पत्ता कळवतो आणि कांडी स्वतः इंटरनेटवरून ती खेचून घेते. प्रेक्षकाच्या हातात राहते ती आज्ञा. चित्राची ने-आण दूरच्या सर्व्हरशी परस्पर होते. अँटेनाच्या काळात संच केवळ ग्रहण करीत असे. कांडी मात्र मागणी नोंदवते, उत्तर घेते आणि ही देवाणघेवाण नोंदवून ठेवता येते. पुढील सर्व प्रश्नांचे मूळ या दुतर्फा नात्यात आहे.

वेळापत्रक आणि प्रवाह

ब्रिटिश समीक्षक रेमंड विल्यम्स यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दूरचित्रवाणीविषयक ग्रंथात 'प्रवाह' ही संकल्पना मांडली. अटलांटिक ओलांडून मायामीत उतरल्यानंतर एका रात्री त्यांनी अमेरिकन दूरचित्रवाणी पाहिली. चित्रपट, त्याच्या मधोमध येणाऱ्या जाहिराती आणि पुढील चित्रपटांची झलक यांतील सीमारेषाच त्यांना सापडेना. यातून त्यांनी असा निष्कर्ष काढला की दूरचित्रवाणीचे खरे एकक कार्यक्रम हे नसून आखून दिलेला अखंड प्रवाह हे आहे, आणि प्रेक्षक कार्यक्रम पाहण्याऐवजी 'टीव्ही पाहतो'.

कांडीने या प्रवाहातून मुक्तीचे आश्वासन दिले. हवे ते, हव्या त्या वेळी, हवे तेथे थांबवून पाहता येऊ लागले. ही मुक्ती खोटी नाही. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेला किंवा दुकान बंद करून उशिरा घरी येणाऱ्या व्यापाऱ्याला रात्री आठच्या मालिकेचे वेळापत्रक नेहमीच अन्यायकारक होते. परंतु या नव्या व्यवस्थेचे इंग्रजी नावच 'वाहते राहणे' या अर्थाचे असावे, हा योगायोग बोलका आहे. एक भाग संपताच काही सेकंदांत पुढचा आपोआप सुरू होतो. पाहणे ही पूर्वी निवड होती की सवय, हा वाद असू शकतो. आता मात्र थांबणे हीच निवड झाली आहे.

विल्यम्स यांचा प्रवाह सर्वांसाठी एकच होता, हा येथील महत्त्वाचा फरक होय. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी दूरदर्शनवरील 'रामायण' लागे, तेव्हा गल्लीतील सर्व घरांतून एकच ध्वनी ऐकू येई. त्या एकसुरीपणात सरकारी मक्तेदारी होती, हे विसरून चालणार नाही. पण दुसऱ्या दिवशी शाळेत, कचेरीत, पाणवठ्यावर बोलायला सर्वांना एकच विषय होता. कांडीतील प्रवाह प्रत्येक खात्यासाठी वेगळा असतो. शेजारच्या घरी कोणता प्रवाह वाहतो, हे कळण्यास मार्ग नाही.

घर, खाते आणि रिमोट

भारतात कांडीचे आगमन एका विशिष्ट टप्प्यावर झाले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि पाहण्याची क्रिया प्रत्येकाच्या तळहातावर गेली. या पार्श्वभूमीवर कांडीचे कार्य दुहेरी ठरते. एकीकडे ती फोनमध्ये शिरलेले चित्र पुन्हा बैठकीच्या खोलीतील भिंतीवर आणते आणि विखुरलेल्या कुटुंबाला एकत्र बसण्याचे निमित्त देते. दुसरीकडे, पडदा उघडताच ती कोण पाहत आहे असा प्रश्न विचारते आणि खात्यातील नावांपैकी एकावर बोट ठेवायला लावते. पाहणारे चौघे असले तरी नोंद एकाचीच होते. पडदा कुटुंबाचा आणि खाते व्यक्तीचे, हा अंतर्विरोध या वस्तूच्या मुळाशी आहे.

याचा सर्वाधिक त्रास घरातील ज्येष्ठांना होतो. जुन्या व्यवस्थेत आजींना वाचता येत नसले तरी आपल्या वाहिनीचे बटण बोटांना पाठ असे. कांडीचा रिमोट दिसायला सोपा आहे, त्यावर बटणे मोजकीच आहेत. परंतु त्यामुळेच प्रत्येक कृती पडद्यावरील यादीतून, बाणांच्या साह्याने, पायरीपायरीने करावी लागते. सांकेतिक शब्द विचारला गेला तर एकेक अक्षर शोधून टिपावे लागते, तेही बहुधा रोमन लिपीत. परिणामी स्वतः संच लावणारी व्यक्ती नातवाच्या सवडीवर अवलंबून राहते. चित्र बिघडल्यास पूर्वी केबलवाल्याला निरोप धाडता येई. तो त्याच वस्तीत राहत असे आणि दर महिन्याला दारात येत असे. कांडीमागील व्यवस्थेला चेहरा नाही.

मुखपृष्ठ आणि मराठी

वाहिन्यांच्या काळात भाषेचे स्थान क्रमांकाने ठरे. कांडीच्या काळात ते मुखपृष्ठावरील रांगेने ठरते. पहिल्या रांगेत काय दिसावे, कोणते ॲप आधीच बसवलेले असावे, रिमोटवर कोणत्या सेवेचे स्वतंत्र बटण असावे, हे कांडीचा निर्माता व त्याच्याशी करार करणाऱ्या कंपन्या ठरवतात. अशा निर्णयांवर सार्वजनिक चर्चा होत नाही.

या संदर्भात १९९५ च्या केबल दूरचित्रवाणी जाळे (विनियमन) अधिनियमाचे स्मरण उपयुक्त ठरते. त्याच्या कलम ८ ने केबलचालकांवर दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवण्याचे बंधन घातले आणि २००० च्या दुरुस्तीने त्यात राज्यातील प्रादेशिक भाषेच्या एका वाहिनीचा समावेश केला. या तरतुदीमागे एक तत्त्व होते : घरापर्यंतचा रस्ता खाजगी मालकीचा असला तरी त्यावर सार्वजनिक व प्रादेशिक आवाजाला वाट मिळाली पाहिजे. कांडी या रस्त्याचे काम करते, पण केबलचालकावरील हे बंधन तिच्यावर नाही. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात 'वेव्ह्ज' ही स्वतःची सेवा सुरू केली. मात्र दाखवणे बंधनकारक असलेली वाहिनी आणि प्रेक्षकाने शोधून उतरवून घ्यायचे ॲप, या दोहोंत मूलभूत अंतर आहे.

दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल' या मराठी चित्रपटाला २०२० च्या व्हेनिस महोत्सवात उत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला आणि एप्रिल २०२१ मध्ये तो नेटफ्लिक्सवरून प्रदर्शित झाला. शास्त्रीय संगीताच्या साधनेवरील असा संथ चित्रपट तालुक्याच्या गावी चित्रपटगृहात लागण्याची शक्यता कमीच. कांडीमुळे तो तेथील घराच्या भिंतीवर मोठ्या आकारात पाहता येतो, आणि परदेशस्थ मराठी कुटुंबालाही. उपलब्धता ही कांडीची निर्विवाद देणगी आहे. प्रश्न दृश्यतेचा आहे. नाव ठाऊक असलेल्यास चित्रपट सापडतो. ज्याला नाव ठाऊक नाही त्याच्यासमोर तो येईलच याची खात्री नाही. ग्रंथालयात पुस्तक असणे आणि ते दर्शनी कपाटात असणे यांत जो भेद आहे, तोच येथे लागू पडतो.

स्वस्ताईची किंमत

कांडी इतकी स्वस्त कशी, हा प्रश्न ग्राहक सहसा विचारत नाही. रोकूच्या व्यवहारातून त्याचे उत्तर मिळते. २०१८ मध्ये या कंपनीचे जाहिराती व सेवांपासूनचे उत्पन्न साधनांच्या विक्रीच्या उत्पन्नापेक्षा अधिक झाले. वस्तू हा व्यवसायाचा दरवाजा आहे. व्यवसाय दरवाज्याच्या आत चालतो. प्रिन्स्टन व शिकागो विद्यापीठांतील संशोधकांनी २०१९ मध्ये रोकू व फायर टीव्ही यांवरील दोन हजारांहून अधिक ॲप तपासले, तेव्हा रोकूवरील ६९ टक्के आणि फायर टीव्हीवरील ८९ टक्के ॲपमध्ये प्रेक्षकाचा माग काढणारी यंत्रणा आढळली. साधा संच प्रेक्षकाकडे पाहू शकत नव्हता. कांडी बसवल्यावर पाहणे दुतर्फा होते. भारतात वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला; परंतु बैठकीच्या खोलीतील एका खात्यावर चौघांचे पाहणे नोंदले जाते तेव्हा संमती कोणाची मानायची, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

साधनाचे आयुष्य

मार्च २०२५ मधील एक घटना या संदर्भात उद्‌बोधक आहे. २०१५ साली आलेली दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट जगभर अचानक निकामी झाली. तिचा कोणताही भाग तुटला नव्हता. तिची ओळख पटवणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती. कंपनीने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली. मात्र दरम्यान ज्यांनी बिघाड समजून साधन पूर्वस्थितीत नेले, त्यांची अडचण वाढली. त्याआधी, ऑगस्ट २०२४ मध्ये, क्रोमकास्टचे उत्पादन थांबवण्याची घोषणा झाली होती. विकत घेतलेली वस्तू चालू राहणे हे घेणाऱ्याच्या निगराणीवर अवलंबून न राहता निर्मात्याच्या इच्छेवर व दक्षतेवर अवलंबून आहे, हे या प्रसंगाने उघड केले.

तरीही येथे कांडीच्या बाजूने एक भक्कम युक्तिवाद करता येतो. तथाकथित 'स्मार्ट' संचात पडदा व संगणक एकत्र जखडलेले असतात. संगणक जुना झाला की चांगला पडदाही टाकाऊ वाटू लागतो. कांडी या दोहोंना वेगळे ठेवते. मूठभर वस्तू बदलून पडदा वर्षानुवर्षे वापरता येतो. काटकसर आणि ई-कचरा या दोन्ही दृष्टींनी हे वेगळेपण मोलाचे आहे, आणि नकोशी झालेली कांडी उपटून टाकण्याचे स्वातंत्र्यही त्यातच आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की कांडीने प्रेक्षकाला वेळापत्रकातून सोडवले, दुर्मीळ कलाकृती घरापर्यंत आणली आणि जुन्या पडद्याचे आयुष्य वाढवले. त्याच वेळी तिने सामायिक अनुभवाची जागा आक्रसवली, ज्येष्ठांना परावलंबी केले आणि भाषेचे दर्शनी स्थान खाजगी करारांच्या हाती सोपवले.

हे अटळ मानण्याचे कारण नाही. भारतीय स्पर्धा आयोगासमोरील अँड्रॉइड टीव्ही प्रकरणात एप्रिल २०२५ मध्ये गूगलने २०.२४ कोटी रुपयांची तडजोड रक्कम मान्य केली आणि आपली ॲप-सेवा संचनिर्मात्यांना स्वतंत्रपणे देण्याची तयारी दाखवली. तो वाद उत्पादकांमधील स्पर्धेचा होता. भाषेचा प्रश्न त्यात आला नाही. ब्रिटनने २०२४ च्या माध्यम कायद्यात मात्र थेट या प्रश्नाला हात घातला. इंटरनेटशी जोडलेल्या संचांवर व अशा साधनांवर सार्वजनिक प्रसारकांच्या सेवा ठळकपणे दिसाव्यात अशी तरतूद त्यात असून वेल्श भाषेतील 'एस४सी'चाही त्यात अंतर्भाव आहे. वेल्श बोलणाऱ्यांची संख्या मराठी भाषकांच्या तुलनेत अगदीच अल्प आहे. कलम ८ मधील तत्त्व कांडीच्या मुखपृष्ठापर्यंत नेण्याची मागणी मराठी भाषकांनी करणे म्हणूनच अवाजवी ठरणार नाही. त्यासाठी प्रथम संचाच्या पाठीमागे दडलेल्या या वस्तूकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहावे लागेल.