सिंहासन आणि वतन : पाथरीच्या लढाईची कथनमीमांसा

बहमनी सत्तेच्या विघटनानंतर दख्खनच्या नव्या सुलतानांना केवळ मुलूख पुरेसा नव्हता. राज्याधिकार कोठून आला हे सांगणारी वंशकथाही हवी होती. आजच्या परभणी जिल्ह्यातील पाथरीसाठी अहमदनगरची निजामशाही आणि वऱ्हाडची इमादशाही यांच्यात झालेला संघर्ष या दृष्टीने वाचावयास हवा.

फिरिश्त्याच्या निवेदनानुसार निजामशाहीचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण कुलकर्णी होते. म्हणून बुऱ्हाण निजामशहाच्या वतीने दुसऱ्या परगण्याच्या मोबदल्यात पाथरी मागण्यात आली. अलाउद्दीन इमादशहाने नकार दिला आणि तटबंदी आरंभली. १५१८ मध्ये बुऱ्हाणाने पाथरी जिंकली.

या कथेचा अन्वय ‘रक्ताची ओढ’ असा लावणे सोपे आहे. पण संहिता त्यास पुरेसा आधार देत नाही. बालवयात गादीवर आलेला बुऱ्हाण तेव्हा किशोरच होता; बोलणी चालविली ती वजीर मुकम्मलखानाने. धर्मसंघर्षाची चौकटही येथे अपुरी ठरते, कारण इमादशाहीचा संस्थापक फतहुल्लाही जन्माने ब्राह्मणच सांगितला जातो. खरा संघर्ष दोन अर्थव्यवस्थांचा नव्हे, तर ‘हक्क’ या शब्दाच्या दोन अर्थांचा आहे. मोबदला देऊ करणाऱ्याच्या लेखी महसूल बदलता येतो, पूर्वजांचे गाव बदलता येत नाही. नाकारणाऱ्याला मात्र त्याच मागणीत सीमेवरील आक्रमणाची चाहूल लागते.

याच घराण्याची दुसरी वंशकथा ‘बुऱ्हान-इ-मआसिर’मध्ये आढळते. अहमदनगरच्या आश्रयाने लिहिणारा सय्यद अली तबातबा निजामशाहीचे मूळ थेट बहमनी राजवंशाशी जोडतो. दरबारी बखरकाराला सिंहासन हवे आहे. फिरिश्ता मात्र १५८९ मध्ये अहमदनगर सोडून विजापुरास गेलेला. त्याच्या लेखणीतील कुलकर्णीपण म्हणूनच दुहेरी ठरते : कथेच्या आत ते पाथरीवरील दाव्याला बळ देते, कथेबाहेर, विजापूरच्या वाचकापुढे, शेजारच्या राजवंशाला सिंहासनावरून गावच्या दप्तरापाशी आणून बसविते.

यांतील कोणती वंशकथा खरी, हा इतिहाससंशोधनाचा प्रश्न होय. समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, तलवारीने मिळविलेल्या सत्तेलाही फिरिश्त्याच्या कथनात वतनाची साक्ष काढावी लागते. मध्ययुगीन युद्धकथनांत केवळ सिंहासन शोधणाऱ्या वाचनातून नेमकी हीच साक्ष निसटते.