‘इन’ कुणाकडचा?

इंग्रजी वाक्यातला ‘इन’ म्हणजे लग्नातला आगंतुक पाहुणा. नवऱ्याकडचा की नवरीकडचा, कुणालाच पत्ता नाही! हेच पाहा ना : ‘ही रोट अबाउट द डेथ ऑफ द एम्परर इन खुलताबाद.’ आता खुलताबादेत झालं काय? लेखन, मरण, की बादशहाच नुसता तिथला? औरंगजेब १७०७ साली वारला तो तेव्हाच्या अहमदनगरला. खुलताबादेत आला तो मेल्यावर. म्हणजे ‘इन’ ‘डेथ’ला चिकटवलात की इतिहास बुडाला!

आमची मराठी बरी. ‘खुलताबादेत लिहिलं’ निराळं, ‘खुलताबादेतला मृत्यू’ निराळा, ‘खुलताबादेतला बादशहा’ आणखी निराळा. एवढ्याशा ‘ला’नं पाहुणा कुणाकडचा ते मांडवाच्या दारातच ठरतं. साहेबानं इथून काय काय नेलं. पण हा ‘ला’ काही नेला नाही!